छायाचित्राखालची ओळ

माझ्या वडिलांचे सार्वजनिक कार्यक्रमातील एकच छायाचित्र आमच्या घरी आहे. १९८६ साली आमच्या गावी वाचनालयाचे उद्घाटन झाले, त्याचे ते वृत्तपत्रातील कात्रण. पाहुणे फीत कापत आहेत आणि त्यांच्या खांद्यामागे वडील उभे आहेत. वाचनालयासाठी दोन वर्षे घरोघर फिरून वर्गणी त्यांनीच गोळा केली होती. खाली पाच मान्यवरांची नावे छापली असून शेवटी ‘व इतर’ असे दोन शब्द आहेत. माझे वडील त्या ‘व इतर’ मध्ये आहेत. वाचनालयाच्या इतिहासात त्यांची नोंद आहे ती एवढीच.

यात दोष कोणाचा? याचे उत्तर शोधताना स्थानिक वृत्तछायाचित्रकाराचे काम समजून घेतले पाहिजे.

पूर्वीच्या काळी तालुक्याच्या गावचा हा छायाचित्रकार बहुधा स्वतःचा स्टुडिओ चालवी. लग्नाचे फोटो हा पोटापाण्याचा धंदा. वृत्तपत्राचे काम त्यातून वेळ काढून. एका रोलमध्ये ३६ फोटो निघत आणि रोलचा खर्च अनेकदा त्याच्याच खिशातून होई. म्हणून एका कार्यक्रमाचे चार-पाचच फोटो घ्यायचे, अंधाऱ्या खोलीत रोल धुवायचा, प्रिंट वाळवायची, मागे नावांची चिठ्ठी चिकटवायची आणि पाकीट एस.टी.ने शहराकडे रवाना करायचे. गाडी चुकली की बातमी शिळी. त्यामुळे हार घालून झाले की तो निघे. नावांची चिठ्ठी आयोजक देत आणि तीत फक्त मंचावरची नावे असत. म्हणजे ‘व इतर’ हे शब्द लिहिले छायाचित्रकाराने, पण ते त्याच्या हाती दिले आपणच.

खुद्द छायाचित्रकारालाही या नाव नसण्याचा अनुभव आहे. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ साली नवसारी येथे झाला. त्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या. त्यांची सुरुवातीची छायाचित्रे मात्र पतीच्या नावाने प्रसिद्ध झाली. पुढे दिल्लीत त्यांनी १९४७ चा सत्तांतराचा काळ टिपला. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०१२ साली त्यांचे निधन झाले. त्यांची छायाचित्रे आज त्यांच्या नावाने ओळखली जातात. परंतु तालुक्याच्या गावी तीस-तीस वर्षे सभा, मोर्चे, पूर आणि मिरवणुका टिपणाऱ्या कित्येकांच्या निगेटिव्ह स्टुडिओ बंद होताच रद्दीत गेल्या. त्यांबरोबर गावाचा इतिहासही गेला.

या कामात उतरू इच्छिणाऱ्या तरुणांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) कार्यक्रमाला अर्धा तास आधी पोहोचावे. सतरंज्या कोण अंथरतो, पाणी कोण भरतो, हे तेव्हाच दिसते.

२) किमान तीन प्रकारची छायाचित्रे घ्यावीत : संपूर्ण सभा, मंच आणि श्रोत्यांपैकी एखादा चेहरा जवळून.

३) खिशात वही असावी. डावीकडून उजवीकडे नावे, गाव, तारीख आणि प्रसंग लगेच लिहावा. स्त्रियांची नावे त्यांना स्वतःला विचारून घ्यावीत, ‘सौ. अमुक’ एवढ्यावर भागवू नये.

४) नाव न छापणे हाही कधी कधी धर्म असतो. लैंगिक अत्याचार झालेल्या बालकाची ओळख पटेल असे नाव वा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास २०१२ च्या पोक्सो कायद्याने मनाई आहे.

५) आज मोबाईलवर शेकडो फोटो निघतात, पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठविताना त्याचा दर्जा उतरतो आणि आत नोंदलेली तारीखही निघून जाते. म्हणून मूळ फोटो नाव-तारखेसह वेगळा जपून ठेवावा.

आयोजकांचे कर्तव्यही तेवढेच आहे. छायाचित्रकाराला चिठ्ठी देताना मंचावरच्या नावांखाली राबणाऱ्यांची चार नावे लिहावीत. संपादक जागेअभावी ती कापतील कदाचित. पण चिठ्ठी आपल्या दप्तरी राहील.

मी बँकेत नोकरी करतो. खात्यावर नाव नसेल तर रक्कम कोणाची हे ठरत नाही, हे मला रोज दिसते. छायाचित्राचेही तसेच आहे. गेल्या वर्षी मी ते कात्रण वहीच्या पानावर चिकटवले आणि खाली वडिलांचे नाव लिहिले. शेजारच्या दोघांना मी ओळखत नव्हतो. आईला विचारले तेव्हा एकाचे नाव तिला आठवले. दुसरा अजून ‘इतर’ च आहे.

वाचकहो, आपल्या घरातील जुनी छायाचित्रे आज संध्याकाळी बाहेर काढा. वडीलधाऱ्यांजवळ बसा आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नावे लिहून घ्या. सांगणारे आहेत तोवरच हे होणार आहे.