बोय मासा : चिखल खाणाऱ्याला गळाचे आमिष

भरतीच्या वेळी खाडीकाठच्या धक्क्यावर उभे राहिले, तर नांगरलेल्या होड्यांमधून करड्या पाठीच्या माशांचा थवा संथपणे फिरताना दिसतो. मधूनच एखादा पाण्याबाहेर उडी घेतो. हाच बोय, गोव्यात त्यास शेवटो म्हणतात. पाग टाकणारा कोळी त्यास सहज पकडतो. गळ घेऊन बसलेला हौशी माणूस मात्र बहुधा रिकाम्या हाताने परततो. कोलंबीच्या तुकड्याकडे बोय ढुंकूनही पाहत नाही. प्रस्तुत लेखकाचे पहिले काही दिवस असेच वाया गेले.

याचे कारण माशाच्या आहारात आहे. बोय शिकारी नव्हे. तळाचा चिखल तोंडात घेऊन त्यातील सूक्ष्म शैवाल व कुजका पाला कल्ल्यांतील गाळणीने तो वेगळा करतो आणि उरलेली माती टाकून देतो. त्याच्या जठराची भिंत कोंबडीच्या पेषणीसारखी जाड व स्नायुमय असते आणि आतडे शरीराच्या लांबीच्या कित्येक पट लांब असते. धक्क्याचे खांब, जुने दोर, होड्यांचे बूड यांवर साचलेले शेवाळही तो खरवडून खातो. म्हणूनच त्याला बंदरे प्रिय असतात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील मरीनांमध्ये, म्हणजे क्रीडानौकांच्या धक्क्यांत, याच कुळातील जाड ओठांचा मासा पावाच्या लगद्यावर पकडण्याचा छंद पुष्कळांना आहे. आपल्याकडेही पाव अथवा कणकेची मऊ गोळी हेच योग्य आमिष ठरते.

प्रथम भिजवलेल्या पावाचा चुरा थोडाथोडा पाण्यात सोडावा. थवा तो निर्धास्तपणे टिपू लागेपर्यंत गळ टाकू नये. येथे घाई करणारा दिवस गमावतो. साधने हलकी हवीत : सुमारे दोन मीटरची लवचिक काठी, दोन ते तीन किलो ताण सोसणारा बारीक तंगूस, लहानसा तरंगक आणि वाटाण्याएवढ्या आमिषात लपेल असा गळ. तोंड लहान व ओठ नाजूक असल्याने जाड दोऱ्याने हिसका दिल्यास ओठ फाटून मासा निसटतो. तरंगक नुसता थरथरला तर थांबावे. तो एका बाजूस सरकू लागला की मनगट हलकेच उचलावे. मासा जोराने धावेल. त्यास दोरा द्यावा, दमू द्यावे व शेवटी हातजाळीत घ्यावे.

कयाकचा लाभ असा की, ही वल्ह्याची अरुंद होडी पाण्यालगत बसते आणि आवाजही करीत नाही. धक्क्यावरील माणसाची सावली पडताच थवा पांगतो. मात्र वल्हे होडीच्या काठावर आपटले, तर तोच परिणाम होतो. वेळ भरतीच्या उत्तरार्धाची निवडावी. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची घटका साधारणपणे मिळते, चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या सुमारास असणारा भांग नवशिक्यास सुरक्षित. ओहोटीचा ओढ खाडीच्या मुखाकडे नेतो व दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, म्हणून त्यापूर्वीच परतावे. जीवरक्षक जाकीट अंगावर असावे, होडीत ठेवलेले नव्हे. यांत्रिक नौकांचा मार्ग टाळावा, बंदर अधिकाऱ्यास विचारूनच धक्क्याजवळ जावे आणि पावसाळ्यात हा नाद सोडावा.

आता पकडलेल्या माशाचे काय करावयाचे? प्रश्न साधा नाही. जो मासा चिखल खातो, तो चिखलात जे मुरले आहे तेही खातो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये १९७० च्या सुमारास बोय माशाला रॉकेलसारखी चव येत असल्याचा अभ्यास झाला. दूषित पाण्यातील तेलाचे अंश त्याच्या चरबीत साठतात. आपल्या बंदरांत डिझेलचा तवंग पाहिलेल्यास याचे आश्चर्य वाटू नये. मसाला कितीही घातला तरी ती चव लपत नाही, आणि त्याहून गंभीर गोष्ट ही की, धोका नेहमीच चवीने कळेल असे नाही. म्हणून धक्क्यातील मासा ओल्या हाताने धरून, गळ काढून तेथेच सोडावा. घरी नेण्यासाठी वस्ती व धक्के मागे टाकून खाडीच्या वरच्या, कांदळवनालगतच्या स्वच्छ पाण्यात जावे आणि तेथेही लहान मासे परत सोडावेत. बोय अंडी घालण्यास समुद्रात जातो, ती वेळ त्या पिल्लांस अजून यावयाची असते. घरी आणलेल्या माशाच्या पोटातील काळे अस्तर घासून काढावे, नाहीतर कालवणाला चिखलाचा वास राहतो.