विहिरीतला दम समुद्रात धरू नका

द्राक्षांची तोडणी उरकली, पोरांच्या परीक्षा संपल्या की नारायणगाव, मंचर, जुन्नरच्या गाड्या मालवणकडे निघतात. त्याआधी दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, ‘डॉक्टर, स्कूबा करू की स्नॉर्केलिंग?’ विचारणाऱ्याने मनात वाटणी करून ठेवलेली असते. स्कूबा धाडसी माणसाचं, स्नॉर्केलिंग बायका-पोरांचं आणि वयस्करांचं. ही वाटणी चुकीची आहे. स्कूबाला जायचं की नाही हे कान आणि फुप्फुसं ठरवतात. स्नॉर्केलिंगचं हृदय आणि पोहणं ठरवतं.

परवा एक कुटुंब आलं. बागाईतदार, वय 52, त्यांच्या पत्नी आणि 17 वर्षांचा मुलगा. मालवणला जायचं ठरलं होतं, तिघांनाही स्कूबा करायचं होतं. तिघांना मला तीन वेगळी उत्तरं द्यावी लागली.

ताईंचा उजवा कान लहानपणापासून पावसाळ्यात वाहतो. एवढी साधी गोष्ट सांगायची कशाला, म्हणून त्या गप्पच होत्या. बॅटरी लावून पाहिलं तर कानाच्या पडद्याला बाजरीच्या दाण्याएवढं भोक. अशा भोकातून समुद्राचं गार पाणी आतल्या कप्प्यात गेलं की अचानक गरगरतं. पाण्याखाली असताना वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेनासं होतं, शिवाय नंतर कान पुन्हा वाहू लागतो तो वेगळाच. त्यामुळे त्यांना दोन्ही नको म्हटलं. त्यांचा चेहरा पडला, मलाही वाईट वाटलं. पण होडीने सिंधुदुर्ग किल्ला बघायला काहीच हरकत नाही. शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाने महाराजांनी 1664 साली बांधायला घेतलेला तो जलदुर्ग आणि त्यातलं शिवराजेश्वराचं मंदिर बघायलाच हवं. परत आल्यावर पडद्याच्या ऑपरेशनचं बघू, असं ठरलं.

पडदा शाबूत असला तरी कान सांभाळावे लागतातच. विहिरीत तळाचा दगड आणायला बुडी मारली की कानाला दडा बसतो, ठणका लागतो, हे आपल्याकडे प्रत्येकाने अनुभवलेलं आहे. पाण्याचा दाब बाहेरून पडदा आत ढकलतो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच हवा फुंकली की आतला दाब सारखा होतो. हे दुखायच्या आधी करायचं आणि खाली जाताना दर मीटरभराला करायचं. सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर हवा कानापर्यंत पोचतच नाही. त्या दिवशी स्कूबा रद्द करा, पैसे गेले तरी चालतील. नाकात थेंब टाकून उतरू नका, थेंबांचा अंमल पाण्याखाली असतानाच उतरू शकतो.

आता वडील. रक्तदाब 156/98. गोळ्या दोन महिन्यांपासून बंद, तंबाखू मात्र चालू. ते म्हणाले, ‘मग मी आपलं वरच्यावर स्नॉर्केलिंग करतो.’ इथेच गफलत होते. माणूस पाण्यात शिरला की पायांतलं रक्त दाबाने छातीकडे येतं आणि हृदयावरचं काम वाढतं. नळीतून श्वास ओढायला नेहमीपेक्षा जोर लागतो. त्यात एखादी लाट नळीत शिरली, की घाबरून हातपाय मारणं सुरू होतं. हवाई बेटांवर बुडून मरणाऱ्या पर्यटकांत स्नॉर्केलिंग करणारे मोठ्या संख्येने असतात. सोपं दिसतं म्हणून तिथे कोणी तपासून घेत नाही.

त्यांना म्हटलं, आधी गोळ्या चालू करा, दोन आठवड्यांनी दाब मोजू, कार्डिओग्राम काढू. तोवर एका सकाळी शिवनेरीचे सातही दरवाजे चढून या. मध्ये छातीत भरून आलं, बसावंसं वाटलं, तर तिथूनच खाली या आणि मला दाखवा. शिवनेरी चढलात म्हणजे तपासणी झाली असं नाही, पण गडाच्या पायऱ्या बरंच काही सांगून जातात. सगळं ठीक निघालं तर लाइफ जॅकेट घालून, माहीतगार माणूस हाताशी ठेवून, होडीजवळ स्नॉर्केलिंग करा. स्कूबा यंदा नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी मुलाला दिला. तब्येत ठणठणीत, कान स्वच्छ, छाती मोकळी. कमरेला डबा बांधून विहिरीत शिकलेला, आता काठावरून सूर मारून तळ गाठणारा. त्याला स्कूबाला जा म्हणालो. पण खरी भीती मला त्याच्याचबद्दल वाटत होती.

कारण विहिरीने त्याला एक गोष्ट पक्की शिकवली आहे, ती म्हणजे दम धरायचा. विहिरीत ते बरोबरच आहे. काठावर छाती भरून घेतलेली हवा खाली दाबाने आकसते आणि वर येताना जेवढी होती तेवढीच होते. स्कूबात मात्र श्वास खालीच घेतला जातो. 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो आणि सिलिंडरमधली हवा त्याच दाबाने छातीत येते. तिथे छाती भरून, दम धरून वर आलं, तर तीच हवा वाटेत दुप्पट व्हायला बघते. फुप्फुसाला तेवढं ताणता येत नाही. ते फाटतं, आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. यासाठी फार खोलही जावं लागत नाही. दीडेक मीटरवरून दम धरून वर आलेल्यांचेही जीव गेले आहेत. शेवटच्या काही मीटरमध्येच हवा सर्वात झपाट्याने फुगते.

टेबलावर पाण्याचा ग्लास होता. त्यात स्ट्रॉ घालून मी त्याला बारीक बुडबुडे सोडायला लावले. म्हटलं, तोंडातली नळी निसटली, घाबरलास, काहीही झालं तरी वर येताना असे बुडबुडे चालू राहिले पाहिजेत. तोंडात नळी असेल तर संथ श्वास चालू ठेवायचा, थांबवायचा नाही. पहिल्या खेपेला त्याने सवयीने गाल फुगवून दम धरला. चौथ्या-पाचव्या खेपेला जमलं. तुमच्या घरात विहिरीत पोहणारी मुलं असतील तर त्यांच्याकडून घरीच हे करून घ्या.

ज्यांना दम्याचा त्रास आहे, पूर्वी टीबी झालेला आहे किंवा कधी छातीत हवा भरून फुप्फुस आकसलं होतं, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्कूबाचं नाव काढू नये. टीबीचा कोर्स पूर्ण झाला तरी फुप्फुसात राहिलेल्या व्रणात हवा अडकू शकते. फिट येणाऱ्यांनी आणि गरोदर महिलांनी स्कूबा करूच नये. किनाऱ्यावर सही करायला जो कागद देतात, त्यात हेच प्रश्न असतात. रांगेत उभ्या-उभ्या सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळे होऊ नका.

आणि होडीत पाय ठेवल्यापासून उतरेपर्यंत लाइफ जॅकेट अंगावर राहू द्या. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी होडी उलटून दोन पर्यटक गेले. पाण्याखालून ते सुखरूप वर आले होते.

परतीच्या प्रवासाबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून मीच विचारतो. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि नंतर हळूहळू बाहेर पडतो. तो बाहेर पडायच्या आत उंचावर गेलं, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, हातापायांना मुंग्या येतात, लुळेपणा येतो. एका साध्या डाइव्हनंतर 600 मीटरच्या वर जायला किमान 12 तास आणि एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या असतील तर 18 तास थांबावं, असा डायव्हिंगमधल्या तज्ज्ञांचा सल्ला आहे. तो प्रामुख्याने विमानप्रवासासाठी सांगतात, पण आंबोली सातशे मीटरच्या आसपास आहे आणि आपलं जुन्नरही जवळपास तेवढ्याच उंचीवर. पर्यटकांच्या पाच-सहा मीटरच्या छोट्या बुडीत हा धोका कमी असतो. तरी डाइव्हनंतर असं काही जाणवलं तर घाट चढू नका. माणसाला आडवं झोपवा, ऑक्सिजन मिळेल अशा दवाखान्यात न्या आणि डाइव्ह केल्याचं तिथे आवर्जून सांगा.

या कुटुंबाचा बेत सकाळी स्कूबा करून दुपारीच आंबोलीमार्गे निघायचा होता. मुलाने खिशातून मोबाइल काढला, गाडीवाल्याला फोन लावला आणि निघायची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची करून घेतली.