दुखतं कुठे, ते आधी पाहा

चि. मुक्ता हिस,


प्रबंधासाठी तू विचारलंस, मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतर वेदना कमी करायला इरेक्टर स्पायनी ब्लॉक सरस की क्वाड्रेटस लंबोरम. विषय चांगला आहे, पण प्रश्न अजून अर्धाच मांडलायस. शस्त्रक्रिया कोणती, चीर कुठे आणि टेबलावर कोण आहे, हे त्यात आलंच नाही.

कुशीतून उघडून केलेली शस्त्रक्रिया घे. अकराव्या-बाराव्या बरगडीलगत चीर, स्नायू कापलेले, प्रत्येक श्वासाला ताण. ही झाली पोटाच्या भिंतीची वेदना. ती टी ९ ते टी १२ या नर्व्हमधून वर जाते. खुद्द मूत्रपिंडाची खोल, मळमळवणारी वेदना सिंपथेटिक तंतूंबरोबर साधारण टी १० ते एल १ या पातळीवर पोचते. एपिड्युरल आणि पॅराव्हर्टेब्रल ब्लॉक या दोन्ही वाटा अडवतात. टॅप ब्लॉक फक्त भिंत बधिर करतो, तीही मुख्यतः पुढची. म्हणून कुशीच्या चिरेला नुसता टॅप देऊन ‘ब्लॉक दिलाय’ असं कागदावर लिहिलेलं दिसलं की मला राग येतो.

आता दुर्बिणीतून काढलेलं दात्याचं मूत्रपिंड. छिद्रं वर असतात, पण मूत्रपिंड बाहेर येतं ते बहुतेकदा ओटीपोटावरच्या आडव्या चिरेतून, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखते ती चीर. तू टी ८ ला औषध भरून निवांत बसलीस तर तो दाता तळमळत राहील. पोटात भरलेल्या वायूमुळे खांदा दुखतो, त्यालाही पाठीतला कुठलाच ब्लॉक पुरत नाही, कारण ती वेदना फ्रेनिक नर्व्हची. लघवीच्या नळीची सततची कळही ब्लॉकने जात नाही. या दोन्ही गोष्टी दात्याला आदल्या दिवशी सांगून ठेव.

ज्याला मूत्रपिंड बसवलं त्याचं गणित आणखी वेगळं. नव्या मूत्रपिंडाच्या नर्व्ह तुटलेल्या असतात, त्यामुळे दुखते ती मुख्यतः जांघेवरची भिंत. तिथे टॅपला अर्थ आहे. एपिड्युरलने रक्तदाब उतरला तर नव्या मूत्रपिंडाला रक्त कमी पडतं. शिवाय युरेमियात प्लेटलेट संख्येने पुरेशा असूनही नीट काम करत नाहीत, आणि डायलिसिसचं हेपरिन असतंच, म्हणजे पाठीत सुई घालताना रक्तस्रावाचा धोका.

दुर्बिणीने पाठीतून मुतखडा काढण्यासाठी मात्र तुझा इरेक्टर स्पायनी मला आवडतो. वेदना एका बाजूची, पाठीतली नळी दहाव्या-अकराव्या नर्व्हच्या टापूत, सुई ट्रान्सव्हर्स प्रोसेसच्या हाडावर टेकते आणि फुप्फुस लांब राहतं.

तू विचारलेले दोन्ही ब्लॉक तसे तरुण आहेत. पॅराव्हर्टेब्रल १९०५ मध्ये झेलहाइमने दिला, एपिड्युरल १९२१ मध्ये स्पेनच्या पागेसने. क्वाड्रेटस लंबोरम ब्लांकोने २००७ मध्ये मांडला आणि इरेक्टर स्पायनी फोरेरो व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये, तोही छातीच्या चिवट नर्व्हदुखीसाठी. इरेक्टर स्पायनीचं औषध पुढे पॅराव्हर्टेब्रल जागेत कितपत शिरतं, यावर अजून वाद आहे. त्या मानाने पाठीकडची शाखा खात्रीने बधिर होते. म्हणून बर्फ लावून कुठपासून कुठपर्यंत थंडी जाणवत नाही, याचा नकाशा प्रत्येक रुग्णाचा काढ. तो नसेल तर ब्लॉक अपुरा होता की मुळात लागलाच नव्हता, हे तुला कधीच सांगता येणार नाही.

क्वाड्रेटस लंबोरम देताना, विशेषतः पुढच्या बाजूने, सोनोग्राफीत मूत्रपिंडाचं खालचं टोक श्वासाबरोबर सरकताना दिसतं. ते आणि सुईचं टोक दोन्ही दिसल्याशिवाय औषध सोडू नकोस. औषध लंबर प्लेक्ससपर्यंत गेलं तर मांडी ढिली पडते. पहिल्यांदा उभं करताना कुणीतरी धरायला हवं.

मात्राही आधीच मोज. ४५ किलोच्या बाईला रोपिव्हाकेन किलोला ३ मिलिग्रॅम धरलं तर १३५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.३७५ टक्क्याचे ३६ मिलिलिटर. दोन्ही बाजू आणि सर्जनने जखमेत टोचलेलं औषध, सगळं त्यातच बसलं पाहिजे. औषधाची विषबाधा झालीच तर २० टक्के लिपिडची बाटली हाताशी हवी.

मूत्रपिंडाच्या रुग्णाला ब्लॉकची गरज इतरांपेक्षा जास्त असते. डायक्लोफेनॅकसारखी औषधं आपण टाळतो आणि मूत्रपिंड मंदावलं की मॉर्फिनचा प्रभावी घटक अंगात साठतो. उरतं पॅरासिटामॉल, थोडं फेंटानिल आणि तुझी सुई. पाठीच्या पाण्यात १०० ते १५० मायक्रोग्रॅम मॉर्फिन हा उत्तम उपाय आहे, खाज आणि मळमळ धरूनही. पण श्वास उशिरा मंदावू शकतो, म्हणून २४ तास कुणीतरी तो मोजायला हवा. एका सिस्टरवर अख्खा वॉर्ड असेल तिथे मी तो देणार नाही.

प्रबंधात तिसरा गट ठेव: सर्जनने जखमेत टोचलेलं स्थानिक औषध. स्वस्त आहे आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी जमतं. तुझा ब्लॉक त्याच्यापुढे टिकला तरच तो शिकवण्यासारखा. आणि २४ तासांत काही मिलिग्रॅम मॉर्फिन वाचलं, एवढ्याला यश म्हणू नकोस. पडल्या पडल्या वेदना किती, हेही पुरेसं नाही. खोकता येतं का, कुशीवर वळता येतं का, झोप लागली का, किती वाजता स्वतः उठून बसली, हे लिही.

दात्यांबद्दल मला विशेष कळकळ आहे. आपल्याकडे जिवंत दात्यांत बायका जास्त. आया, पत्नी, बहिणी. ती बाई आजारी नसते. धडधाकट येते आणि तिचं सगळं दुखणं आपण दिलेलं असतं. त्यातही ‘माझं काही नाही हो, त्यांचं बघा’ म्हणत ती स्वतःची वेदना कमी करून सांगते. तिचा आकडा तिला एकटीला विचारायचा, नातेवाइकांसमोर नाही. आणि तो विचारणारा माणूस ब्लॉक देणारा नसावा. कुणाला कोणता ब्लॉक मिळाला हेही त्याला माहीत नसावं. त्यासाठी एखादा ज्युनिअर आत्ताच ठरवून ठेव.

मसुदा नैतिकता समितीकडे जाण्याआधी मला पाठव. दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या