तीन ताऱ्यांचा पोरगा पहिल्या फेरीत कसा जातो?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत आयोवा सिटीला शिकतो. तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे कोच कर्क फेरेंट्झ यांच्याबद्दल तो नेहमी सांगतो, की ‘ते साधीच पोरं आणतात आणि घडवतात.’ पण मामा म्हणून मला शंका येते. पोरगा मुळात चांगला असल्याशिवाय घडेल कसा? यात कोचचं श्रेय किती, हे मोजतात तरी कसं? – एक वाचक, सांगली

उत्तर : हा फुटबॉल आपला नव्हे, हे आपण जाणताच, चेंडू लांबोडका, डोक्यावर हेल्मेट आणि पायाचं काम त्यामानाने कमी. कॉलेजचा खेळ म्हणून त्याला धाकटा मात्र समजू नये. आयोवाच्या किनिक स्टेडियममध्ये सुमारे ६९ हजार माणसं बसतात.

शाळेत खेळणाऱ्या पोरांना तिकडे तारे मिळतात, जास्तीत जास्त पाच. खेळाडूंचं मूल्यमापन करणाऱ्या संस्था ते देतात आणि विद्यापीठं त्या पोरांच्या घरी खेपा घालतात. अलाबामा विद्यापीठाचे कोच निक सेबन पाच ताऱ्यांची पोरं ढिगाने आणत. त्यांच्या नावावर सात राष्ट्रीय अजिंक्यपदं आहेत, त्यातलं एक लुइझियाना स्टेट विद्यापीठातलं. फेरेंट्झ १९९९ पासून आयोवात आहेत आणि त्यांच्याकडे असं अजिंक्यपद एकही नाही. म्हणजे भाचा सांगतो ती कमाई वेगळ्याच खात्यात आहे. ती बघायची तर दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवायच्या : पोरगा आत आला तेव्हाचे तारे, आणि बाहेर पडताना व्यावसायिक संघांनी त्याला कितव्या फेरीत उचललं.

डॅलस क्लार्क शिष्यवृत्तीविना आला. अशांना तिथे ‘वॉक-ऑन’ म्हणतात. आपल्या पैशाने शिकायचं आणि संघात जागा मिळाली तर मिळाली. बचावफळीतल्या या पोराला फेरेंट्झच्या मंडळींनी आक्रमणात नेऊन टाइट एंड (फळीच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि चेंडूही झेलणारा) केलं. २००२ साली तो देशातला सर्वोत्तम टाइट एंड ठरला आणि २००३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या निवडीत, पहिल्या फेरीत गेला. रॉबर्ट गॅलरीचं बरोबर उलट. तो टाइट एंड म्हणून आला, त्याचा टॅकल (आक्रमणफळीच्या कडेचा अडवणारा) केला आणि २००४ मध्ये सबंध देशात दुसऱ्या क्रमांकावर त्याची निवड झाली. (पुढे व्यावसायिक खेळात तो त्या क्रमांकाला जागला नाही, हेही सांगायला हवं.) बॉब सँडर्सची उंची जेमतेम पाच फूट आठ इंच, म्हणून मोठी विद्यापीठं त्याच्याकडे फिरकली नाहीत. तोच पोरगा २००७ साली एनएफएल या व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम बचावपटू झाला.

आपल्या शंकेचं उत्तर मला या जागाबदलात दिसतं. पोरगा मुळात चांगला असतोच. फक्त कशात चांगला, हे सतराव्या वर्षी त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. तारे त्याच्या आजच्या खेळाला मिळतात. फेरेंट्झ बघतात ते हाड, पाऊल आणि अजून किती वजन अंगावर चढेल ते. सांगलीच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. वस्तादही पोराचा खांदा आणि मनगट आधी बघतो. योगायोग म्हणजे आयोवा हा कुस्तीचाच मुलूख. फेरेंट्झ यांच्याच हाताखाली खेळलेला ट्रिस्टन वर्फ्स शाळेत असताना राज्याचा हेवीवेट विजेता होता, आणि त्या गटाच्या २८५ पौंडांच्या, म्हणजे सुमारे १२९ किलोंच्या मर्यादेत बसण्यासाठी त्याला वजन उतरवावं लागलं होतं! मॅटवर समोरच्याच्या कंबरेखाली शिरून त्याला उचलायची सवय ज्याला आहे, त्याला आक्रमणफळीत उभं राहायला निम्मं शिकवून झालेलं असतं. वर्फ्स २०२० मध्ये पहिल्या फेरीत गेला आणि व्यावसायिक खेळातल्या पहिल्याच हंगामात सुपर बोल, म्हणजे त्या लीगचा अंतिम सामना, जिंकला.

फेरेंट्झ स्वतः मूळचे याच आक्रमणफळीचे शिक्षक. ऐंशीच्या दशकात तेव्हाचे मुख्य कोच हेडन फ्राय यांच्या हाताखाली त्यांनी आयोवातच ते काम केलं, नंतर व्यावसायिक संघांत. त्यांचा आवडता डाव दिसायला अगदी साधा : चेंडू हलला की आक्रमणफळीतले पाचही धिप्पाड गडी एकाच दिशेला एक आखूड पाऊल टाकतात, भिंत सरकावी तसे. ते पाऊल पाचांचं एका क्षणी पडायला वर्षं जातात, आणि आयोवात पोरांना ती वर्षं मिळत आली. पाच वर्षांत चार हंगाम खेळायची मुभा असल्याने नवखा पोरगा पहिलं वर्ष नुसता जेवतो, वजन उचलतो आणि बघतो. मुख्य कोच पाव शतकात बदललेला नाही, त्यामुळे शिकलेलं पुसून पुन्हा शिकायची वेळ कमी येते. फेरेंट्झ यांचाही पहिला हंगाम एक विजय आणि दहा पराभवांचा होता. त्यांना सांभाळून घेतलं गेलं आणि २००२ मध्ये अकरा विजय आले.

पण ही पोरं ज्या व्यायामशाळेत घडतात, तिच्यातच जानेवारी २०११ मध्ये बैठकांच्या अघोरी सत्रानंतर १३ खेळाडूंचे स्नायू निकामी होऊ लागले आणि त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. २०२० मध्ये अनेक माजी कृष्णवर्णीय खेळाडूंनी इथल्या अपमानास्पद वागणुकीबद्दल उघड लिहिलं. व्यायामाच्या प्रमुख प्रशिक्षकाला जावं लागलं, आणि पुढे खेळाडूंनी लावलेला दावा २०२३ मध्ये चाळीस लाखांहून अधिक डॉलर देऊन मिटवण्यात आला. फेरेंट्झ यांनी चूक कबूल केली, पण कारखाना त्यांचा होता; मालाचं श्रेय घ्यायचं तर हाही हिशेब त्यांच्याच वहीत लिहावा लागतो.

शिवाय ही घडवण्याची कला सगळ्या जागांना सारखी पुरत नाही. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या बाबतीत आयोवाची कायम ओढाताण. २०२३ मध्ये फेरेंट्झ यांचा मुलगा आक्रमणाचा प्रमुख होता आणि त्याच्या करारात सामन्यामागे सरासरी २५ गुणांची अट घातली होती. संघ पंधराच्या आसपास अडकला आणि मुलाची नोकरी गेली. गंमत म्हणजे त्याच हंगामात दहा सामने जिंकले. आक्रमण थकलं की चेंडू लाथेने लांब उडवून द्यायचा, हे काम मेलबर्नहून आलेला टोरी टेलर करायचा, आणि प्रेक्षक त्या लाथेलाच टाळ्या वाजवत!

आता या पद्धतीचा पायाच थोडा हलला आहे. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावता येतात, आणि विद्यापीठ बदललं तर वर्षभर बाहेर बसायची सक्तीही गेली. दोन वर्षं खाऊपिऊ घालून तयार केलेला पोरगा तिसऱ्या वर्षी जास्त पैसे देणाऱ्याकडे जाऊ शकतो. त्याचं मी वाईट म्हणणार नाही, घाम त्याचाच असतो. फेरेंट्झ यांच्या पद्धतीला मात्र सगळ्यात जास्त लागतो तो वेळच.

आपला भाचा किनिकवर सामना बघायला गेला, तर त्याला सांगा, एकदा चेंडू सोडून दे आणि चेंडू हलल्यावर त्या पाच जणांची फक्त पावलं बघ.