पेटीच्या फळीतल्या भिंती

आमच्या नवागाम-डिंडोली भागात खानदेशातून आलेल्या घरांची मोठी वस्ती, आणि पुष्कळांचं पोट यंत्रमागावर. परदेशातून येणारी यंत्रं बऱ्याचदा पाईनच्या पेट्यांत येतात. पेटी फोडली की फळ्या स्वस्तात मिळतात. त्यांतून पलंग, फडताळ, कधी घरातला माळाही होतो. त्याच पाईनची एक फळी वर्षानुवर्षं सरळ राहते, दुसरी चार महिन्यांत वाकते. मी साहित्य शिकते, पण या 'का'चं उत्तर शोधताना वनस्पतिशास्त्रात शिरावं लागलं.

'सेल' या शब्दाचं मूळ लॅटिन 'सेला', म्हणजे लहान खोली. मठातल्या संन्याशाच्या खोलीलाही हाच शब्द. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापातल्या कप्प्यांना तो वापरला. त्या खोल्या रिकाम्या होत्या. उरल्या होत्या फक्त भिंती. लाकडाचंही तसंच.

पाईन, देवदार अशा सूचिपर्णी झाडांच्या लाकडाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग ट्रॅकीड नावाच्या मृत पेशींचा असतो. एकेक पेशी साधारण ३-४ मिलिमीटर लांब, आणि रुंदी तिच्या शंभराव्या भागाएवढी. शेजारच्या पेशींना लिग्निन चिकटवून धरतं.

भिंतीत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म धागे असतात. बॉबिनवर सूत गुंडाळलेलं आठवा. आतल्या जाड भिंतीचे तीन थर: एस-१, एस-२, एस-३. पहिल्या आणि तिसऱ्यात धागे जवळजवळ आडवे, पट्ट्यासारखे. मधला एस-२ सगळ्यांत जाड, भिंतीचा सुमारे तीन-चतुर्थांश. त्यात धागे ताण्यासारखे उभे, थोडे तिरके. लाकडाचं बळ बरंचसं या तिरकेपणावर ठरतं.

प्रौढ झाडाच्या बाहेरच्या लाकडात हा कोन साधारण १० अंशांच्या आसपास. खोडाच्या मध्याजवळचं, पहिल्या १०-२० वर्षांतलं लाकूड मात्र कोवळं. तिथे कोन ३० अंशांच्याही पुढे जातो. लाकूड वाळताना भिंत धाग्यांच्या आडव्या दिशेने आकसते. धागे उभे असले तर फळी रुंदीत आकसते, लांबीत ०.१-०.२ टक्केच. धागे तिरके असले तर लांबीतही त्याच्या कितीतरी पट. फळीची एक कड कोवळी नि दुसरी प्रौढ असली, की ती वाकणारच.

पेटीवरचा 'एचटी' शिक्का एवढंच सांगतो की कीड मारायला लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलंय. बळाबद्दल तो काहीच सांगत नाही.

म्हणून फळी घेताना तिचं टोक बघा. खोडाचा मध्यबिंदू दिसत असेल, कड्या रुंद नि लहान गोलाईच्या असतील, तर ती फळी खोक्याला चालेल. माळ्याला नको, खाली माणसं झोपतात. कड्या बारीक नि जवळपास सरळ, गाठी कमी, अशी फळी निवडा. आणि पाईन सरसकट 'कच्चं' असं म्हणू नका. बळ आतल्या धाग्यांच्या कोनात असतं.