ड्राइव्ह हवेत का उडतो?

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी सोसायटीच्या आवारात टेनिस बॉलने खेळतो आणि रविवारी दुभाषी मैदानावर सीझन बॉलने. त्याचा ड्राइव्ह दिसायला छान असतो, पण चेंडू हवेतून थेट मिड-ऑफ किंवा कव्हरच्या हातात जातो. जो तो सांगतो, ‘कोपर वर ठेव.’ तो ठेवतोही, तरी फरक पडत नाही. चुकतंय कुठे?
– एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : कोपर वर असूनही चेंडू उडतो, यातच तुमच्या शंकेचं उत्तर दडलं आहे. कोपर वर येणं हा चांगल्या ड्राइव्हचा परिणाम आहे, कारण नव्हे. वरचा हात बॅटला दिशा देत असेल, तर कोपर आपोआप वर येतं. ते मुद्दाम उचललं की खांदा आखडतो आणि बॅट मोकळी फिरत नाही.

खरा प्रश्न आहे तो बॅट आणि चेंडू कुठे भेटतात याचा. बॅट झोपाळ्यासारखी फिरते : खाली येते, तळ गाठते आणि मग वर चढते. चेंडू डोळ्यांच्या बरोबर खाली, पुढच्या पायाच्या आसपास लागला, तर त्या क्षणी मूठ पात्याच्या किंचित पुढे असते. पातं जमिनीकडे झुकलेलं असतं आणि चेंडू जमिनीलगत जातो. तोच चेंडू हात लांबवून फूटभर पुढे गाठला, तर बॅट वर चढायला लागलेली असते आणि पातं आभाळाकडे उघडलेलं. मग चेंडू उडणारच.

मुलं इतक्या पुढे का खेळतात? पहिलं कारण आवारातलं. पेव्हर ब्लॉकवर टेनिस बॉल कमरेपर्यंत उसळतो आणि वजनाला हलका असतो. तो पुढे गाठून खालच्या हाताने ढकलला तरी निभावतं. तीच सवय मैदानावर जाते आणि अंगाशी येते. खालच्या हाताची पकड घट्ट झाली की पातं मुठीच्या पुढे निघून जातं.

दुसरं कारण डोकं. मुलाला पाय पुढे टाकायचं शिकवलं जातं, पण डोकं मागेच राहिलं, तर वजनही मागेच राहतं. आधी डोकं चेंडूच्या रेषेकडे झुकावं, पाय त्याच्या मागोमाग जावा. पाऊल रेषेच्या किंचित बाजूला पडावं. ते नेमकं रेषेवर पडलं, तर बॅटला पायाला वळसा घालून यावं लागतं.

तिसरं कारण घाई. दोन्ही क्रीजमधलं अंतर 58 फूट. ताशी 100 किलोमीटर वेगाचा चेंडूही ते पार करायला अर्ध्या सेकंदाहून जास्त घेतो. एवढा अवधी पुरतो, पण खेळपट्टी ओली असेल तर चेंडू थांबून येतो आणि घाई करणारा झेल देऊन बसतो. 1948 पासून मुंबईत भर पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगने इथल्या फलंदाजांना चेंडू येऊ द्यायची, उशिरा खेळायची शिस्त लावली.

आता सराव. तुम्ही मुलाच्या बाजूला, बॅटच्या टप्प्याबाहेर, उभे राहा आणि हात लांबवून टेनिस बॉल त्याच्या पुढच्या पायाशेजारी खांद्याच्या उंचीवरून नुसता सोडा. एक टप्पा पडला की त्याने ड्राइव्ह करावा. समोर आठ-दहा पावलांवर दोन चपला हातभर अंतराने ठेवा आणि चेंडू त्यांच्या मधून, जमिनीलगत जायला हवा असा नियम करा. नंतर खालच्या हाताचा फक्त अंगठा आणि पहिली दोन बोटं मुठीवर ठेवून हेच करायला सांगा. फटका मारल्यावर क्षणभर तसंच थांबवून पाहा : तोल जात असेल, तर डोकं मागे राहिलं होतं. हे नीट जमलं की समोरून अंडरआर्म चेंडू टाका.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. सुंदर ड्राइव्ह येतो म्हणून तो प्रत्येक चेंडूवर मारायचा नसतो. 2003-04 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सचिन तेंडुलकर पहिल्या तीन कसोटींत चाचपडत होता आणि ऑफ स्टंपबाहेर ड्राइव्ह करताना बादही झाला होता. जानेवारी 2004 मध्ये सिडनीला त्याने कव्हर ड्राइव्ह जवळजवळ बंदच ठेवला आणि 436 चेंडूंत नाबाद 241 धावा केल्या. ज्याच्या ड्राइव्हवर जग फिदा होतं, त्यानेच तो बाजूला ठेवला.

म्हणून मुलाला दोन गोष्टी सांगा. चेंडूचा टप्पा पुढे पडलेला असेल तरच ड्राइव्ह, आणि सुरुवातीला फक्त मिड-ऑफ ते मिड-ऑनच्या मधे, सरळ बॅटने. कव्हरकडे मारायला पातं तिरकं वळवावं लागतं, तिथे चुकीला वाव जास्त. सरळ ड्राइव्ह जमिनीवर बसला की कव्हर ड्राइव्ह शिकणं सोपं जातं. आणि कोपराची चिंता सोडा, ते आपली जागा आपण शोधेल.