गाभ्यात काय असावे?

संकेतस्थळ उभारावयाचे झाले, म्हणजे काही कामे प्रत्येक वेळी तीच ती करावी लागतात: वाचकाची मागणी ओळखणे, साठ्यातून माहिती काढणे, पान तयार करून धाडणे. या सामाईक कामांसाठी आज्ञावल्यांचा जो तयार सांगाडा मिळतो, त्यास ‘वेब फ्रेमवर्क’ म्हणतात. आणि त्यातील ज्या भागावाचून इतर भाग चालत नाहीत, तो त्याचा गाभा होय.

या गाभ्याने दुसऱ्यांच्या पॅकेजांवर किती विसंबावे? ‘जँगो’ या फ्रेमवर्कचे उदाहरण घेऊ. अमेरिकेतील लॉरेन्स या गावी एका वृत्तपत्राच्या कचेरीत ते घडले व २००५ साली सर्वांस खुले झाले. पुढे कित्येक वर्षे, पायथॉन या संगणकभाषेखेरीज त्यास कोणतेही बाहेरचे पॅकेज सक्तीचे नव्हते. यात लाभ उघड आहे. बाहेरचे पॅकेज दुसऱ्याच्या हाती असते. त्याची देखभाल थांबली, तर गाभ्यास धक्का बसतो.

मग सारेच गाभ्यात का भरू नये? याचे उत्तर घड्याळे देतात. उत्तर कोरियाने २०१५ साली आपली घड्याळे अर्धा तास मागे घेतली आणि २०१८ साली पुन्हा पुढे केली. असे बदल सरकारे ठरवितात. फ्रेमवर्कच्या नव्या आवृत्तीसाठी ती थांबत नाहीत. देशोदेशींच्या वेळांचे कोष्टक गाभ्यात कोरून ठेवले, तर ते लवकरच शिळे होईल व सभेची वेळ चुकीची दाखविली जाईल.

जँगोमध्ये या कोष्टकाचे ‘पायटीझेड’ हे पॅकेज प्रथम ऐच्छिक होते. ते नसेल तेव्हासाठी पर्यायी आज्ञावली गाभ्यास सांभाळावी लागे. २०१७ साली, १.११ या आवृत्तीत, ते सक्तीचे झाले आणि तो भार उतरला. २०२० मध्ये पायथॉनमध्येच ‘झोनइन्फो’ ही सोय आली. जँगोने ती २०२१ मध्ये मुख्य म्हणून स्वीकारली. परंतु पायटीझेडचा आधार पुरता काढावयास २०२३ साल उजाडले. कारण त्या पॅकेजच्या खास रीती वापरणाऱ्यांच्या आज्ञावल्यांतही शिरल्या होत्या.

उलट दिशेचेही उदाहरण आहे. भारताचे पिनकोड तपासणारा भाग एके काळी जँगोबरोबरच येत असे. अशा देशोदेशींच्या भागांचा संच २०१३ साली मूळ फ्रेमवर्कातून काढून वेगळ्या पॅकेजांत ठेवण्यात आला.

यावरून असे दिसते, की ज्या गोष्टींचे नियम बाहेरचे जग ठरविते, त्या गाभ्याबाहेर असाव्यात. मात्र बाहेरून घेतलेली वस्तू वापरणाऱ्यांच्या हाती थेट न देता, गाभ्याने तिच्यापुढे आपले स्वतःचे दार ठेवावे. मग आतील वस्तू बदलली, तरी दार तेच राहते.